गुडघे सरांचा तुसाचा डोंगर

नाशकात बर्फ दोनच ठिकाणी सापडतो, रसवंतीत आणि मासळी बाजारात. तरीही या गावाने स्कीइंगचा एक शिक्षक पोसला आणि डोक्यावर घेतला. गेल्या नोव्हेंबरात त्याच्या दहाव्याला रामकुंडावर अशी गर्दी लोटली, की शेजारी पिंड मांडून बसलेल्यांना वाटलं कोणी पुढारी गेला.

गेले होते वेणीमाधव गर्गे. वीज कार्यालयातले निवृत्त कारकून, गावाच्या तोंडी गुडघे सर. त्यांची बायको सुधा पिंडापासून चार हातांवर उघडी काळी छत्री घेऊन बसली होती. ऊन होतं, त्यामुळे छत्रीबद्दल कोणाला काही वाटलं नाही.

दहाव्याला माईक लावायची पद्धत गर्ग्यांच्या घरात नव्हती. तो घोटीच्या मंडळींनी आणला. माईक आला की वक्ते येतात, गूळ आला की मुंगळे येतात तसे. "सरांनी हिमालय पायाखाली घातला!" असं एक माजी नगरसेवक ओरडून सांगत होते. सुधाने पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं हुंदका आला. खरं म्हणजे हिमालयाने सरांना पायाखाली घातलं होतं, आणि ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी दोघं सरकारी सवलतीच्या सहलीत मनालीला गेली. तिथे भाड्याच्या फळ्या पायाला बांधून वेणीमाधव उतारावर उभे राहिले आणि असे काही कोसळले, की तिथल्या शिकवणाऱ्याने विचारलं, हा तुमच्याकडचा काही प्रकार आहे का? माणूस शहाणा असता तर तिथेच थांबला असता. हे पुढच्या हिवाळ्यात रजा टाकून महिनाभराचा कोर्स करून आले, येताना दोन जुन्या लाकडी स्की घेऊन. नाशिकरोडला हमालाने विचारलं, "पाळण्याच्या फळ्या का साहेब?" ही बातमी पंचवटीत त्यांच्या आधी पोचली. शेजारणींनी सुधाला डोहाळे विचारले. रामकुंडावर भिक्षुकी करणाऱ्या सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. "पाच पिढ्या यात्रेकरूंना स्वर्गाची वाट दाखवली. हा आता घसरणीची दाखवणार."

दाखवायची हौस होती, पण घसरण कुठे होती? रामकुंडाच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर घसरायला शिक्षक लागत नाही. पांडवलेण्याच्या डोंगरावर वाळलेल्या गवतात त्यांनी पहिला वर्ग घेतला, तर पोरांच्या मोज्यांत एवढी कुसळं शिरली की पालक भांडायला आले. मग एकदा दोघं घोटीला पुंजा शेठच्या राईस मिलवर इंद्रायणी आणायला गेली. मिलच्या मागे भाताच्या तुसाचा ढीग होता, दोन मजली घराएवढा. त्याच्या माथ्यावरून मिलमधली लंकाबाई डोक्यावर रिकामी पाटी घेऊन घसरली आणि पाटी न पडता सरळ खाली येऊन उभी राहिली. नाशिकच्या स्कीइंगचा जन्म त्या घटकेला झाला. लंकाबाईला मात्र अजून कोणी माईक दिलेला नाही.

"या ढिगावर मी मुलांना घसरायला शिकवीन," वेणीमाधव म्हणाले.

पुंजा शेठनी त्यांना खालून वर न्याहाळलं. "घसराया शिकवाया लागतं व्हय? आमचा भारत रोज घसरतो. मी मारतो त्याला."

शेवटी ठरलं असं. पोरांनी हवं तेवढं घसरावं, पण जाताना सांडलेलं तूस फावड्याने पुन्हा वर लोटावं. त्यामुळे पुढची कित्येक वर्षं कॉलेज रोडची लाडावलेली पोरं दर शनिवार-रविवारी घोटीला जाऊन तूस उपसत राहिली, आणि त्यांचे आईबाप त्याला हिवाळी क्रीडा म्हणत राहिले. डिसेंबरात सर त्यांना मनालीला नेत. बर्फ पाहिल्यावर पोरं म्हणत, सर, हे तुसापेक्षा सोपं आहे.

त्यांच्या शिष्यांत विजेता एकही झाला नाही. एक स्वित्झर्लंडपर्यंत पोचला, पण सासूला घेऊन, आणि तिथून त्याने चॉकलेटचा फोटो पाठवला. सरांनी शिकवल्याही दोनच गोष्टी. "गुडघे! गुडघे वाकवा!" ही पहिली. तिच्यावरूनच नाव पडलं. दुसरी म्हणजे पडायचं कसं. "उभं राहायला आईबापांनी शिकवलंय," ते म्हणत, "मी पडायला शिकवतो. अंग सोडा, कुशीवर या, आणि आधी हसा. मग लोकांना हसायला काही उरत नाही." पुढे हीच पोरं मोठी होऊन नाशकातल्याच द्वारका चौकात स्कूटरवरून घसरत, हसत उठत आणि सरांना फोन करत. या फोनांचा सरांना एखाद्या पदकाइतका अभिमान असे.

मग सरांचेच गुडघे गेले. गुडघे सरांचे गुडघे जावेत याचं गावाला कोण हसू आलं! तेव्हापासून सर खाली खुर्चीत बसून छत्रीने इशारे करत आणि सुधा वरून घसरून दाखवी. साडीखाली ट्रॅकपँट, केसांत तूस. सांगणारे सर ठरले. घसरणाऱ्या बाईला पालक विचारत, "काकू, चहा मिळेल का?" ती चहाही देई.

आयुष्यभर असा पडलेला माणूस गेला मात्र बसल्या जागी, जेवणानंतर, दात कोरता कोरता.

तिसऱ्या दिवशी पुंजा शेठचा भारत भेटायला आला. मिल आता तोच बघत होता. तो खूप रडला, आणि डोळे पुसून झाल्यावर म्हणाला, "काकू, एक सांगायचं व्हतं. तूस आता बॉयलरवाल्यांना जाळाया द्यायचं ठरतंय. मशीनमधनं थेट गाडीत. ढीग काय राहनार नाय. आमच्या वडलांचा शब्द व्हता म्हनून सर व्हते तवर पाळला."

"डिसेंबरचा वर्ग मी घेणार आहे, भारत. मुलं ठरलीत."

"तुमी?" भारत हसला नाही. तेवढे संस्कार त्याच्यावर होते. "आता आराम करा काकू. लय केलं तुमी."

पुण्याहून आलेली लेक इराही तेच म्हणाली. "आई, तू सत्तरीला आलीस. माझ्याकडे चल. तिथे ज्येष्ठ नागरिकांचा योगवर्ग आहे." सुधाला एकाएकी दिसलं, की नवरा एकदाच मेला, पण ढीग हलला तर आपलं उरलेलं आयुष्य सतरंजीवर पाय वर करून जाणार.

म्हणून दहाव्याला निघताना तिने सरांची छत्री घेतली.

रामकुंडावरच्या कावळ्यांना रोज पाच-पंचवीस घरचं जेवण. ते घाईने कुठे जात नाहीत. तरी पिंड मांडल्यावर एक येऊन कठड्यावर बसला, मान तिरकी करून पाहू लागला, आणि त्याने पाय उचलला तोच सुधाने छत्री या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. कावळा उडाला.

"इच्छा राहिलीय काहीतरी," गर्दीत कुजबुज झाली.

क्रिया करणारे धाकटे दीर देवव्रत हात जोडून म्हणाले, "दादा, वहिनींची काळजी करू नकोस. आम्ही आहोत." कावळा आला. छत्री हलली. कावळा गेला. सुधाला त्यात फारसं वावगं वाटलं नाही. तिची काळजी देवव्रत घेणार हे कावळ्याने तरी का मानावं?

नगरसेवकांनी माईक ओढला. "सरांच्या नावाने आंतरराष्ट्रीय दर्जाची स्कीइंग अकादमी उभारू!" टाळ्या पडल्या. दहाव्याला टाळ्या वाजवत नाहीत, हे मागाहून आठवून लोकांनी हात झटकले. कावळा आला. छत्री सुर्रकन फिरली.

"आई, छत्री मिट ना," इरा कानाशी म्हणाली. "घाबरतोय तो."

"ऊन लागतंय गं."

"सावलीत बसलीयस तू!"

"मग सरकेल ऊन. थांब."

नगरसेवकांनी अकादमीला जोडून पुतळा देऊ केला, मग चौकाला नाव, मग पाळण्यांसह उद्यान. शेजारच्या पिंडाला कावळा शिवून ती माणसं घरी जेवायलाही गेली. ऑफिसवाले घड्याळं बघू लागले. देवव्रतांनी दर्भाचा कावळा करायला घेतला. गवताचा कावळा काही छत्रीला भिणार नव्हता.

तेवढ्यात मागून लंकाबाईचा आवाज आला. म्हातारीला माईक लागत नव्हता. "आरं भारत, मुकाट्यानं काय बसलास? सरांचा जीव कशात व्हता तुला ठावं नाय? ढिगात! त्यो ढीग तू इकाया काढला, कावळा शिवल कसा?"

सगळ्या माना भारतकडे वळल्या. घोटीची माणसं वळली, बॉयलरवाल्यांचा मुनीमही वळला. भारत घामाघूम झाला. "म्हंजी... तसं पक्कं नाय अजून..."

सुधा कावळ्याकडे बघत राहिली. कावळा तिच्याकडे.

"बरं!" भारत उठून हात जोडून म्हणाला. "सर, ऐका. तुसाचा ढीग हालनार नाय. काकू वर्ग घेतील. त्यांना जमंल तवर."

"जमंल तवर म्हंजी? तू मोजनार का?" लंकाबाई.

"काकू म्हनतील तवर! झालं?"

सुधाने छत्री मिटली. कावळा उतरला, भाताला चोच लावली, वर दह्याचाही समाचार घेतला. बायकांनी डोळे पुसले. "बघा, जीव अडकला होता हो," नगरसेवक म्हणाले, आणि घाईने मोटारीकडे गेले. अकादमीचा विषय त्यांनी पुन्हा काढलेला नाही.

गर्दी पांगल्यावर देवव्रत ओल्या धोतराने जवळ आले. ते जन्मभर कावळ्यांत वावरलेले गृहस्थ. "वहिनी," ते हळूच म्हणाले, "शास्त्रात छत्रीचा उल्लेख नाही."

"मग मनाईही नसेल, भावजी."

देवव्रतांनी दर्भाचा अर्धवट कावळा पाण्यात सोडला. "दादाला चाललं असतं," ते म्हणाले. मग जरा थांबून, "तुम्हाला खरंच येतं का हो ते? घसरायचं?"

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी ते स्वतः घोटीला बघायला आले. नव्या मुलांसमोर सुधा ढिगाच्या माथ्यावर उभी राहिली, गुडघे वाकवले, निम्म्यावर आली आणि सपशेल आडवी झाली. खाली खुर्चीत बसलेल्या देवव्रतांच्या हातून चहा सांडला.

ती कुशीवर आली, आधी हसली, मग उठून केसांतलं तूस झटकलं.

"हा पहिला धडा," ती मुलांना म्हणाली. "आणि भावजी, रिकामे बसू नका. ते फावडं घ्या."