पाण्याखाली चूल पेटते कशी

सत्तावन्न साली मी चिंचवडच्या मराठी शाळेत तिसरीला शिकवत होते आणि दुपारी तीन ते साडेचार बायकांचा साक्षरतेचा वर्ग घेत होते. वर्गाला येणाऱ्या बहुतेकींना सही आली की पुरे असायचं. अंगठा उठवायची लाज गेली की त्या यायच्या बंद व्हायच्या. गोजाबाईंना सही तिसऱ्या आठवड्यात आली. ती त्यांनी पाटीवर एकदा काढली, पदरानं पुसली आणि म्हणाल्या, "बाई, हे झालं. आता 'बुडालं' कसं लिवायचं ते सांगा."

त्यांचं वय तेव्हा बेचाळीस-त्रेचाळीस असेल. सकाळी पिंपरीच्या निर्वासितांच्या कॅम्पात आणि नव्या औषध कारखान्याच्या वसाहतीत त्या भाजी विकायच्या. नवरा ज्योतीराम बैलगाडीतून विटा वाहायचा. त्या दिवसांत पिंपरीत रोज कुठे ना कुठे भिंत उभी राहत होती, त्यामुळे बैलांना उसंत नव्हती. गोजाबाई अंगानं काटक, बोलायला कमी. पण समोरच्याचं बोलणं संपलं तरी त्याच्या तोंडाकडे बघत राहायच्या, अजून काहीतरी निघेल अशा आशेनं.

दहा महिन्यांनी त्यांनी मला एक वही आणून दिली. शंभर पानी, पुठ्ठ्याला हळदीचे डाग. "वाचा. चुकलं आसंल तर ऱ्हस्व-दीर्घ बघा, बाकी काय बघू नका."

पहिलं वाक्य असं होतं: 'समदं जग बुडालं त्याला आता लई दिस झाले.'

मी रात्रीचा स्वयंपाक बाजूला ठेवून ती वही संपवली. गोष्ट कादंबरीसारखी होती, पण तशी मी कुठे वाचली नव्हती. पुणं, मुंबई, विलायत, सगळं पाण्याखाली गेलं आहे. जगभरची माणसं गुदमरताहेत. फक्त जांभुळणं नावाच्या एका खेड्यातली माणसं आरामात आहेत, कारण ती इतरांच्या तीस वर्षं आधीच बुडालेली. त्यांना सवय झालेली. मग मोठमोठ्या शहरांतली माणसं पोहत पोहत त्यांच्याकडे येतात आणि हात जोडून म्हणतात, पाण्यात राहायचं कसं ते शिकवा. जांभुळण्यातली रंभा नावाची बाई त्यांना शिकवते: केस मोकळे सोडायचे नाहीत, रागावल्यावर तोंड उघडायचं नाही, झोपताना पायाला जात्याची तळी बांधायची. तिच्या दाराशी मरळ मासा बांधलेला. त्याच्यावर बसून ती बाजाराला जाते. आणि एक दिवस, कुठल्या तरी बुडालेल्या कचेरीतून, कासवावर बसून एक शिपाई नोटीस घेऊन येतो: 'गाव कोरडं करण्यात येणार आहे. पंधरा दिवसांत पाणी खाली करावे.'

वही तिथे थांबली होती.

"जांभुळणं खरं गाव आहे?" मी दुसऱ्या दिवशी विचारलं.

"हाय की. माझं म्हायेर. मुळशीकडं धरण बांधलं, त्यात गेलं. मी बारा वर्सांची होते."

"पुढचं का नाही लिहिलं?"

"आडलंय." त्यांनी पाटी मांडीवरून खाली ठेवली. "बाई, पाण्याखाली चूल पेटती कशी?"

मला हसू आलं. "अहो गोजाबाई, गोष्टच आहे ना? पेटली म्हणून लिहून टाका."

त्यांचा चेहरा उतरला. "गोष्ट हाय म्हणून काय झालं? कायबी लिवायचं व्हय?"

त्या आठवडाभर वर्गाला आल्या नाहीत. नंतर कळलं की त्या उत्तर शोधत हिंडत होत्या.

कारखान्याच्या वसाहतीत यशवंतराव नावाचे एक रसायनतज्ज्ञ राहायचे. त्यांच्या पत्नी इंदुताई गोजाबाईंची रोजची भाजी घ्यायच्या. पुढचं मला इंदुताईंनीच सांगितलं. रविवारी सकाळी गोजाबाईंनी भाजीची पाटी दाराशी उतरवली, मेथीची जुडी काढून दिली आणि आतल्या खोलीकडे बघत विचारलं, "साहेब हायत का? त्यास्नी एक इचारायचंय."

यशवंतराव वर्तमानपत्र घेऊन बाहेर आले. प्रश्न ऐकल्यावर त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली.

"पाण्याखाली विस्तवाला हवा मिळत नाही. हवेशिवाय काही पेटत नाही."

"न्हाईच?"

"नाहीच." मग स्वतःच्याच उत्तरानं त्यांचं समाधान झालं नसावं. "थांबा. पुढच्या रविवारी या."

पुढच्या रविवारी त्यांनी एका वेल्डरकडून कार्बाईडचे करडे खडे आणले होते. अंगणात पितळी परातीत पाणी भरलं आणि दोन खडे आत टाकले. पाणी खळखळलं, बुडबुडे वर आले, सडक्या लसणासारखा वास सुटला. यशवंतरावांनी काडी ओढून लांबूनच पाण्याजवळ नेली. परातीतल्या पाण्यावर पिवळी ज्योत नाचायला लागली. इंदुताई ओरडून मागे सरल्या. गोजाबाई मात्र पुढे वाकल्या, इतक्या की साहेबांना त्यांचा दंड धरून मागे ओढावं लागलं.

"पाण्याला इस्तू लागला!"

"पाण्याला नाही. पाण्यातून निघणाऱ्या वायूला."

गोजाबाई ज्योत विझेपर्यंत बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पन साहेब, हे वर पेटलं. खाली काडी कशी वढायची?"

इंदुताई सांगायच्या, त्यानंतर चार दिवस यशवंतराव जेवताना हातात घास घेऊन थांबायचे. "तुमची ती माणसं श्वास कशानं घेतात, ते आधी सांगा," असं त्यांनी पुढच्या खेपेला गोजाबाईंना विचारलं. त्यावर गोजाबाई म्हणाल्या, "ते मला ठावं हाय. ते तुमी नका इचारू."

एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. पवनेच्या घाटाजवळ चिमाजी भोई राहायचा. कुणाची घागर, कुणाची अंगठी डोहात पडली की तो बुडी मारून काढून द्यायचा. गोजाबाईंनी त्याला गाठलं. "चिमाजीभाऊ, मला खाली जायचंय."

"काय पडलंय वैनी?"

"काय न्हाई पडलं. बगायचंय."

चिमाजीनं आयुष्यात पुष्कळ काही वर काढलं होतं; पण नुसतं बघायला खाली जाणारं माणूस त्याला भेटलं नव्हतं. त्यानं आधी नाही म्हटलं, मग त्यालाच उत्सुकता वाटली असावी. चैत्रातल्या एका दुपारी, घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांच्या देखत, गोजाबाईंनी काष्टा घट्ट खोचला, कमरेला दोर बांधला, दोन्ही हातांत दगड धरला आणि डोहात उतरल्या. दोराचं दुसरं टोक चिमाजीच्या हातात. तीन वेळा गेल्या, तीन वेळा धापा टाकत वर आल्या. तिसऱ्या वेळी नाकातून थोडं रक्त आलं, तेव्हा चिमाजीनं दोर सोडून घेतला आणि हात जोडले.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. विहिरीवर, पिठाच्या गिरणीत, सगळीकडे एकच: ज्योतीरामची बायको खुळावली. मलाही मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं की तुमच्या वर्गात शिकवता तरी काय. मी घाबरून गोजाबाईंच्या घरी गेले. ज्योतीराम ओट्यावर बैलांना पेंड कालवत बसला होता. चेहरा लाल.

"मास्तरीणबाई, समदी दुनिया हसतीया मला," तो म्हणाला. मग आत बघत, आवाज खाली करून त्यानं बायकोला विचारलं, "व्हय गं, पन आत दिसलं काय?"

गोजाबाई ओल्या केसांना फडकं बांधून उंबऱ्यात येऊन बसल्या. "हिरवं दिसतं समदं. आन गप नसतं तिथं. दगडावर दगड वाजत्यात, ते कानात न्हाई, छातीत ऐकू येतं. आन माझाच हात, माझाच पाय, लई मोठं दिसत व्हतं. जवळचा दगड धराया गेले तर हाताला लागंना."

ज्योतीराम पेंड कालवायचा थांबला. "बैलबी मोठं दिसत्याल?"

"दिसत्याल की."

त्या वैशाखात धरणाचं पाणी फार खाली गेल्याची बातमी आली. बुडालेल्या गावांची जोती उघडी पडली होती. एकतीस वर्षांत गोजाबाई तिकडे फिरकल्या नव्हत्या. आता त्यांनी जायचं ठरवलं, आणि मला सोबत मागितली. ज्योतीरामनं बैल शेजाऱ्याच्या हवाली केले आणि तोही निघाला. पुण्याहून पौडची एसटी, पुढे पायी. उन्हानं डोकं भणाणत होतं. दुपारी आम्ही शेवटची टेकडी उतरलो आणि समोर भेगाळलेल्या चिखलाचं मैदान पसरलं, पलीकडे लांब पाण्याची निळी पट्टी.

गाव म्हणजे गुडघाभर उंचीच्या दगडी रांगा. मधूनमधून आंब्याची काळी खोडं. देवळाचा चौथरा तेवढा शाबूत होता, त्यावर बगळे बसले होते. गोजाबाई चालताना एकदाही चुकल्या नाहीत. एका जोत्यापाशी थांबल्या आणि चप्पल काढून आत गेल्या, जसं कुणी घरात शिरतं तसं.

"एवढंच व्हतं?" त्या म्हणाल्या.

मग त्यांनी पावलं मोजायला सुरुवात केली. घरापासून विहिरीपर्यंत बासष्ट. वहीत त्यांनी दोनशे लिहिली होती. ज्योतीराम म्हणाला, "मंग आता वहीत दुरुस्त कर." गोजाबाईंनी मान हलवली. "न्हाई. पाण्यातून मोठं दिसतं. मी पाण्यातलं लिवलंय."

सावली कुठे नव्हतीच. आम्ही देवळाच्या चौथऱ्याच्या आडोशाला भाकरी सोडली. खाता खाता गोजाबाई परत आपल्या जोत्याकडे बघू लागल्या.

"तिथं चूल व्हती. निघायच्या दिशी गाडी भरली, समदी बसली, आन आय आत गेली. आबा वरडला, चूल इझवून ये. आय भायेर आली ती तशीच. म्हणाली, मी न्हाई इझवणार. आपल्या हातानं चूल इझवून घर सोडायचं नसतं. दोन मोठी लाकडं घालून आली व्हती ती." गोजाबाईंनी हातातला घास खाली ठेवला. "गाडीतनं मी मागं बगत व्हते. धूर दिसत व्हता. पानी तर पावसाळ्यातच येणार व्हतं, ते आता कळतं मला. पन तवा मला वाटलं, पानी आलं, आन चूल पेटलेली हाय. कुठवर पेटली आसंल? तेच मनात बसलं. तीस वर्सं झाली."

ज्योतीराम उठला, त्या जोत्यात गेला, वाळका चिखल हातानं उकरून बघू लागला. बराच वेळ उकरत होता. त्याला काही सापडलं नाही. मातीची चूल, ती कधीच गाळात मिसळून गेली असणार.

परत आल्यावर पंधरा दिवसांत दुसरी वही भरली. त्यात चुलीचं असं लिहिलं होतं: रंभाच्या घरी चूल पेटत नाही, ती पेटलेलीच आहे. बुडायच्या आधी जी पेटली तीच. तिला काडी लागत नाही, फक्त घरातलं एक माणूस कायम जवळ लागतं. यशवंतरावांनी ते वाचलं तेव्हा म्हणाले, "शास्त्रात बसत नाही." आणि वही परत देताना म्हणाले, "पण काडीचा प्रश्न मिटला."

अठ्ठावन्नच्या दिवाळीपर्यंत सात वह्या झाल्या. मी त्या पुण्याला एका प्रकाशकांकडे घेऊन गेले. गृहस्थ सज्जन होते, त्यांनी सगळं वाचलं. म्हणाले, कल्पना अफाट आहे. भाषा शुद्ध करून घ्या, आणि शेवटी रंभाला जाग येते, ते सगळं स्वप्न होतं, असं करा. मी निरोप सांगितला.

"सपान?" गोजाबाई म्हणाल्या. "आन मंग बाकीच्या माणसांनी कुठं जायचं?" त्यांनी वह्या फडक्यात बांधून परत नेल्या.

छापणं राहिलं. पण वर्गातल्या बायकांना सुगावा लागला होता. त्यांनी हट्टच धरला, तेव्हा दर गुरुवारी दुपारी गोजाबाई स्वतः वाचून दाखवू लागल्या. बोट अक्षरावर ठेवून, अडखळत. सही येताच पळालेल्या बायका परत आल्या. इंदुताई वसाहतीतल्या चौघींना घेऊन यायच्या. चिमाजीही दाराबाहेर बसायचा आणि माशांविषयी काही चुकलं तर मोठ्यानं खाकरायचा.

गोष्टीत रंभा मरळीवर बसून निघते ती पृथ्वीच्या तळाचं बूच शोधायला. ते उपटलं की पाणी गळून जाईल आणि जग कोरडं होईल, असं शिपायानं सांगितलेलं असतं. बुडालेल्या आगगाडीत मुक्काम, खेकड्यांच्या चोरवाटा, शिंपल्यांचा बाजार असं करत ती शेवटी तिथे पोचते. बुचावर एक पहारेकरी बसलेला. तिथे त्याला कुणी बसवलं हे तो विसरून गेला आहे. रंभा त्याला भाकरी देते. तो उठून बाजूला होतो. रंभा बुचाला हात लावते, आणि काढून घेते. 'मला न इचारता बुडवलं,' ती म्हणते, 'मी न इचारता कुणाला कोरडं करणार न्हाई.' आणि ती परत फिरते, घरोघर विचारायला.

तिथे गोजाबाईंनी वही मिटली. वर्गात गलका झाला.

"मंग काय म्हणाली माणसं?" मागून दुर्गाबाई ओरडल्या.

"इचारतीया अजून. लई घरं हायत."

"मी न्हाई येणार वर," दुर्गाबाई म्हणाल्या. "सांग तिला. कोरड्यात काय सुख लागून गेलंय?" दुसरी म्हणाली, मला वर यायचंय, माझं वाळवण घालायचं राहिलंय. तिसरी म्हणाली, नवरा खाली राहणार असेल तर मी वर. हसणं झालं. गोजाबाईंनी मात्र वही पुन्हा उघडली, पेन्सिल ओली केली आणि प्रत्येकीचं नाव आणि उत्तर लिहून घ्यायला लागल्या. ते पुढचे दोन महिने चाललं. भाजीची पाटी घेऊन त्या दारोदार जायच्या, आणि भाजी देताना विचारायच्या. कॅम्पातल्या एका सिंधी आजींनी सांगितलं, मी एकदा घर सोडून आलेय, आता कुठेच जाणार नाही, वर नाही आणि खाली नाही. तेही तसंच लिहिलं. यशवंतरावांनी विचार करायला आठ दिवसांची मुदत मागितली. त्या वहीत एकोणसाठ सालच्या चैत्रापर्यंत एकशे चौदा घरांची उत्तरं आहेत.

ज्योतीरामला त्यांनी सगळ्यात शेवटी विचारलं. मी तेव्हा तिथेच होते. तो जू पुसत होता.

"तुमी काय म्हणता? वर का खाली?"

त्यानं जू भिंतीला टेकवलं. "बैलांना चारा कुठं हाय?"

"दोन्हीकडं."

"मंग तू लिवशील तिथं," तो म्हणाला, आणि गोजाबाईंनी पेन्सिलीचं टोक दातांनी सरळ करून तेवढंच लिहिलं.