वहिनी कॅचर होत्या तेव्हा

तिसरा बॉल वहिनींच्या गुडघ्याला लागला आणि त्या रेतीत खाली बसल्या. मी धावत गेलो. पायाला पॅड होतं, तरी आवाज मोठा आला होता.

"लागलं?"

"लागलंय. पण भाऊजी, मी ग्लव्ह कुठे धरला होता?"

"छातीसमोर."

"मग बॉल गुडघ्यावर कसा आला?"

नावेत बसलेला आमचा नावाडी बिरजू मल्लाह मात्र मलाच विचारत होता, "भौजी से कवन दुश्मनी बा, भैया?"

माझा बॉल ग्लव्ह सोडून कुठेही जायचा, आणि तेवढ्यामुळेच माझी नोकरी जायची वेळ आली होती.

माझी नोकरी म्हणजे बेसबॉल. आपल्याकडून अमेरिकेत पगारावर बेसबॉल खेळायला गेलेले तेव्हा मोजकेच होते. बनारसमध्ये तर सांगायचीही पंचाईत, लोक विचारायचे, "ते ठीक, पण करता काय?" मी मुळात युनिव्हर्सिटीचा भालाफेकपटू. तिथल्या एका क्लबने आपल्याकडे वेगाने बॉल फेकणाऱ्यांची ट्रायल घेतली, त्यात माझा हात त्यांना आवडला. त्यांनी मला त्यांच्या सर्वांत खालच्या टीममध्ये घेतलं आणि पिचर केलं. पिचर म्हणजे बॉल टाकणारा. त्याच्यासमोर मोठा ग्लव्ह घालून उकिडवा बसतो तो कॅचर. बॉल वजनाला जवळपास क्रिकेटच्या बॉलसारखाच, पण टप्पा पडत नाही, सरळ हवेतून जातो. बॅट्समनच्या गुडघ्यापासून छातीपर्यंत हवेत एक खिडकी धरायची. बॉल तिच्यातून गेला तर स्ट्राइक. चार वेळा बाहेर गेला तर बॅट्समन काही न करता चालत पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या थांब्यावर जातो.

माझ्या बॉलवर पुष्कळ लोक चालत गेले.

सीझन संपल्यावर पिचिंग कोचने मला बसवून सांगितलं, "तू फास्ट आहेस. बॉल कुठे जाणार हे बॅट्समनला कळत नाही, ते चांगलंच. पण तुलाही कळत नाही. घरी जा. तिथे एखादा कॅचर शोध, त्याला टाकत राहा आणि व्हिडिओ पाठव. तुझा हात दाखवू नकोस, त्याचा ग्लव्ह दाखव. तो जागेवरून हलता कामा नये. मार्चमध्येही हलला, तर मला तुला सोडावं लागेल."

आता बनारसमध्ये कॅचर कुठून आणायचा? कॉलेजचे दोन विकेटकीपर गाठले. एक जण एकदाच आला. दुसऱ्याने त्याच्याकडून हकीकत ऐकली आणि माझा फोन उचलणं बंद केलं.

हे सगळं मी एकदा रामघाटावर, काकूंच्या घरी जेवताना सांगत होतो. काकू कीर्तनाला गेल्या होत्या. पाटावर मी आणि चुलतभाऊ, म्हणजे दादा. तो तिथल्या वेदपाठशाळेत शिकवतो. मेधावहिनी वाढत होत्या. आमटीची पळी हातात धरून त्यांनी विचारलं, "मी बसू का?"

मला वाटलं, जेवायला.

दादा ताटाकडे बघत म्हणाला, "इंदूरला असताना ती युनिव्हर्सिटीची विकेटकीपर होती. चांगली होती."

त्या घरात मी लहानपणापासून जातोय. वहिनी लग्न होऊन आल्या त्याला कितीतरी वर्षं झाली होती, मुलगा शाळेत जात होता. हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं, मीही कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धुकं विरल्यावर आम्ही नावेने पलीकडच्या रेतीवर गेलो. हिवाळ्यात गंगा आकसते आणि त्या काठाला मैदानच्या मैदान उघडं पडतं. वहिनींनी ट्रंकेतून त्यांची जुनी पॅड काढली होती. ग्लव्ह आणि मास्क मी आणले होते. रबरी पायपुसणं कापून होम प्लेट, म्हणजे बॅट्समनसमोरची खूण केली. मोबाईल एका काठीला बांधला. आणि तिसऱ्याच बॉलला गुडघा.

त्यानंतर मी घाबरून हळू टाकायला लागलो. लगेच बॉल ग्लव्हमध्ये जायला लागला. मी खूश होतो. वहिनी नव्हत्या. त्यांनी मास्क वर केला.

"भाऊजी, तुम्ही बॉल टाकताय की वाढताय?"

"तुम्हाला लागेल म्हणून..."

"तिकडच्या कॅचरला असं टाकाल? मी पाहुणी नाही. आणि एक सांगू? जोरात टाकताना सोडायच्या क्षणी तुम्ही माझ्याकडे बघत नाही. नदीतल्या नावांकडे बघता."

कोचने हेच मला वर्षभर सांगितलं होतं. भाल्याच्या सवयीने शेवटी माझी मान डावीकडे झटकली जायची. पण तिथे समोर पगारी कॅचर होता, किंवा नुसती जाळी. इथे घरचं माणूस बसलेलं होतं. नजर काढायची हिंमतच होईना. मान हळूहळू जागेवर राहायला लागली. रोज थोडा वेग वाढवत गेलो.

वेग वाढला तसा एक बॉल ग्लव्हच्या कडेवर बसला आणि वहिनींचा अंगठा सुजला. काकूंना आम्ही तोपर्यंत 'फिरायला जातो' एवढंच सांगितलं होतं. त्या संध्याकाळी वहिनींना लाटणं धरता येईना.

"मेधा, हाताला काय झालं?"

"बॉल लागला, आई."

"कसला बॉल?"

मी पुढे होऊन सगळं सांगितलं. काकू ऐकत होत्या. मग मला म्हणाल्या, "नंदू, तुझी नोकरी यावर आहे?"

"हो."

त्या वहिनींकडे वळल्या. "आणि तुला हे आवडतं?"

वहिनी पोळपाटाकडे बघत म्हणाल्या, "खूप."

आपल्याला काय आवडतं हे त्या घरात वहिनींना सांगताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. काकूंनी त्यांच्या हातातलं लाटणं घेतलं. "पोळ्या मी करते. आधी एक्स-रे काढून ये. हाड मोडलं नसेल, तर पुढचं बघू."

हाड मोडलं नव्हतं. सूज उतरेपर्यंत मी भिंतीवर टाकत राहिलो. मग पुन्हा नाव निघाली तेव्हा काकू शाल पांघरून आधीच तिच्यात बसल्या होत्या. रेतीवर चटई टाकून त्या वहिनींच्या मागे, जरा बाजूला बसायच्या. ग्लव्ह हलता कामा नये, हे मी त्यांना एकदाच सांगितलं. त्यानंतर त्याच अंपायर. "हलला," म्हणायच्या. "हलला. हा नाही हलला."

फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी मी पूर्ण जोर लावून टाकत होतो आणि काकू बराच वेळ गप्प होत्या. मला वाटलं डुलकी लागली. बघितलं तर टक्क जाग्या होत्या. बोलण्यासारखं काही घडत नव्हतं, इतकंच. वहिनींचा ग्लव्ह भिंतीत बसवल्यासारखा होता. त्यानंतर मी चांगल्या मैदानांवर, भरलेल्या स्टँडसमोर खेळलो. तशी सकाळ पुन्हा आली नाही.

मार्चमध्ये क्लबने मला ठेवून घेतलं. पुढच्या वर्षी एक पायरी वरच्या टीममध्ये गेलो. सर्वांत वर कधी पोहोचलो नाही. दोन सीझन नीट गेले, मग खांदा गेला आणि मी परत आलो. आता इथल्याच एका कॉलेजात मुलामुलींना बेसबॉल शिकवतो.

त्या मार्चमधला एक फोन मात्र आठवतो. पहिल्या प्रॅक्टिसनंतर मैदानावरच कोचने विचारलं होतं, "व्हिडिओतला तो कॅचर कोण?" म्हटलं, माझ्या भावाची बायको. ते म्हणाले, "इज शी अव्हेलेबल?"

मी हे वहिनींना फोनवर सांगितलं. त्या हसल्या. "त्यांना सांगा, मुलाची परीक्षा आहे." हसणं थांबल्यावर त्यांनी विचारलं,

"भाऊजी, खरंच विचारलं त्यांनी?"

"हो."

"नक्की काय म्हणाले?"

मी सांगितलं. त्यांनी ते वाक्य माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं.

माझ्याकडे आता कुणी येऊन सांगतं, सर, मी फार फास्ट टाकतो. मी वेग मोजत नाही. पकडणारं माणूस घेऊन ये म्हणतो. बरेच जण परत येत नाहीत.