मुळशीच्या पाण्याकाठी आईची मराठी हरवली

आईला भरलेलं धरण बघायचं होतं, एवढ्यावर मुळशी ठरली. सुट्टीच्या दिवसाची गर्दी नको म्हणून मी मंगळवारी रजा टाकली. कोथरूडहून निघालं की पिरंगुटपर्यंत ट्रकांमागे रांगावं लागतं, कासार आंबोली मागे पडली की रस्ता मोकळा. पौडला पेट्रोल भरा, मिसळ खा आणि फोन करायचे ते उरकून घ्या. पुढे रेंज येते-जाते.

आई अक्कलकोटची, माहेरी कन्नड. आमच्याशी मात्र कायम मराठीच. मावशीचा फोन आला की कन्नड सुरू, आणि फोन ठेवता ठेवता मला, "भाजी ढवळलीस का?" एका भाषेचा शब्द दुसरीत सांडलेला मी कधी ऐकला नव्हता. त्या दिवशीही ती गाडीत शाळेतल्या सहलीच्या गमती सांगत होती, मराठीत.

धरण ओलांडून पाण्याकाठच्या एका टपरीवर थांबलो. टपरीवाल्या ताईंनी विचारलं, "आजी, साखर किती घालू?"

"सक्री ब्याड," आई म्हणाली. साखर नको, एवढं मला कळलं. ताई माझ्याकडे बघायला लागल्या.

मी हसले. "आई, मराठीत सांग की."

तिनं मान डोलावली, तोंड उघडलं आणि पुन्हा कन्नड. या वेळी लांबलचक. मग मध्येच थांबून तिनं स्वतःच्या ओठांवर हात ठेवला. तिचे डोळे बघून मी तिचा हात धरला.

"आई, आपण कुठे आलोय?"

प्रश्न तिला कळत होता. तिनं पाण्याकडे बोटही दाखवलं. शब्द मात्र मला न समजणारेच येत होते, आणि प्रत्येक शब्दागणिक ती जास्त घाबरत होती.

"ताई, हितं थांबू नगा," टपरीवाल्या म्हणाल्या. "फोन लागायचा न्हाई. सरळ पौड गाठा. आजीला मी बसवते." त्यांनीच आईला धरून गाडीत बसवलं, पट्टा लावला.

एरवी ज्या वळणांवर आपण फोटोसाठी थांबतो, त्यांतलं एकही मला आठवत नाही. आई सतत बोलत होती. मी नुसतं 'हो, हो' म्हणत गाडी पळवत होते. मी घाबरलेय, हे तिनं ओळखलं असावं. माझ्या दंडावर हात ठेवून ती हळूच म्हणाली, "अंजब्याड."

घाबरू नकोस. आजोळच्या सुट्ट्यांतला हा शब्द मला येत होता.

पौडच्या डॉक्टरांनी तपासून लगेच रुग्णवाहिकेनं पुण्याला पाठवलं. मेंदूत छोटी गुठळी निघाली. तिथले डॉक्टर म्हणाले, "दोन्ही भाषा शाबूत आहेत. एक बोलताना मेंदू दुसरीला आवरून धरतो. तो आवर सुटलाय. वेळेत आणलंत, येईल परत."

मराठी दुसऱ्या दिवशी परत आली, आधी तुटक, मग नेहमीसारखी. घरी आल्यावर आई म्हणाली, "मी मराठीतच बोलायला जात होते गं. कानावर मात्र कन्नड पडायचं. वाटलं, आता तुला मी कधीच कळणार नाही."

मुळशीला जरूर जा. फक्त सोबतच्या माणसाचं बोलणं अचानक बदललं, तर वाट बघू नका, गाडी वळवा.

महिना होत आला. आईला काही विचारलं की उत्तर देण्याआधी ती आता क्षणभर थांबते. शब्द निवडत असावी बहुतेक. तेवढा वेळ मी श्वास रोखून उभी असते.