घाटातला हॉर्न आणि माझी ताई

घाटात सायकल चालवणाऱ्यांनो, आपल्या पाठीमागं आयुष्यभर कुणीतरी हॉर्न वाजवतच आलंय.

माझी ताई आज पहाटे परभणीत वारली.

तुमच्यातले बरेच जण तिला सिस्टरबाई म्हणून ओळखायचे. जिंतूर-येलदरी रस्त्यावरच्या घाटात, वरच्या अंगाला आमचं गाव. तिथल्या उपकेंद्रात ती नर्स. ड्युटी सगळी सायकलवर.

नामांतराची वर्षं होती ती. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटलेला. आमच्या वस्तीतल्या माणसाला गिरणीवर दळण मिळत नव्हतं.

ताई बाळंतपणाला मात्र चालायची.

चहाचा कप तिचा वेगळा. गोठ्याच्या वळचणीला खोचलेला.

घाटातला रस्ता तेव्हा एका गाडीपुरता. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. मागून जीप किंवा ट्रक यायचा आणि ताई दिसली की ड्रायव्हर हॉर्न दाबूनच धरायचा. वर शेरेबाजी. नाव पाहिजे का रस्ता, असं विचारायचे आणि हसत निघून जायचे.

एकदा तिनं बाजू दिली. ट्रक इतका घासून गेला की ती नालीत पडली. हात मोडला.

प्लास्टर निघालं आणि ती घाटात रस्त्याच्या मधूनच सायकल चालवायला लागली. कुणी कितीही वाजवो, बाजू द्यायची नाही.

मी तेव्हा कॉलेजात होते. एसटी चुकली की तिच्या कॅरिअरवर बसून खाली जिंतूरला जायची. त्या दिवशीही तसंच निघालो. तिला तालुक्याहून लसी आणायच्या होत्या.

पहिलं वळण घेतलं आणि मागून जीपचा हॉर्न सुरू झाला.

थांबेचना.

मी एका बाजूला पाय सोडून बसलेली. जीपचं तोंड माझ्या कोपराला लागेल इतकं जवळ. शेजारच्या गावच्या दिगांबरची जीप. हा गडी आधीही आमच्यामागं असाच लागलेला. काचेआड माणसं हात हलवत होती, तोंडं उघडत होती, मिटत होती. मला वाटलं, आजही तेच चाललंय.

"ताई, घे की बाजूला. अंगावर घालील."

"घालू दे. मागं बाजू दिली तवा हात मोडला. आता न्हाई देत."

उतारावर दोन्ही ब्रेक आवळून ती चालली होती. थांबावं तर जीप आदळणार. कडेला व्हावं तर दरी. पुढं जावं तर वळण, त्याच्यापुढं आणखी एक वळण. मी डोळे मिटून घेतले. कानात तो हॉर्न, बाकी जगच नाही.

मग तो मधेच तुटला.

जीपमधल्या म्हातारीनं दिगांबरच्या मनगटावर फटका मारला होता, हे नंतर कळलं. तेव्हा ऐकू आला तिचा बसलेला आवाज.

"शिस्टरबाई, थांब गं माय. सून अडलीय माझी."

ताईनं सायकल रस्त्याच्या मधोमध आडवी टाकली.

अडलेल्या सुनेला जीपमध्ये घालून ते लोक आमच्या गावात तिलाच शोधत आले होते. सिस्टर आत्ताच घाट उतरायला लागली असं कुणीतरी सांगितलं, तशी त्यांनी जीप आमच्यामागं घातली होती.

दिगांबर रडकुंडीला आलेला. "किती येळ बोलवायलोय तुमाला, बाई."

"तू बोलवलं न्हाईस. तू हॉर्न वाजवलास."

एवढं बोलून ताई जीपमध्ये चढली.

खालून एसटी आली, वरून ट्रक. कुणालाच हलता येईना. एसटीतल्या बायका उतरल्या आणि त्यांनी जीपभोवती पदर धरले. सगळा घाट मुका होऊन उभा राहिला.

बाई वाचली.

बाळ वाचलं नाही.

ताई त्या लेकराची पाठ चोळत राहिली, तळवे चोळत राहिली, तोंडानं श्वास देत राहिली. शेवटी म्हातारीनंच तिचा हात धरला. म्हणाली, "ऱ्हाऊ दे आता, माय."

तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की गावातून निघतानाच उशीर झाला होता. ताईनं ते कधी मानलं नाही. "मी पहिल्या वळणावरच बाजूला झाले असते तर?" नोकरीत असताना विचारायची, रिटायर झाल्यावर विचारायची, गेल्या महिन्यात दवाखान्यातल्या खाटेवर पडून विचारत होती.

त्या दिवशी आम्ही सगळे घाट उतरलो. ताई उतरलीच नाही.

मी आयुष्यभर सभा गाजवल्या. भल्याभल्यांना उत्तरं दिली. या एका प्रश्नापुढं ताईजवळ बसून नुसती तिचा हात दाबत राहिले.

आज सांगते, ताई. चूक तुझी नव्हती.

ज्या आवाजानं तुला रोज रस्त्यावरून हाकललं, त्याच आवाजानं त्यांनी तुला मदतीला बोलावलं. तू कसं ओळखायचं होतंस?

दिगांबरला तरी दुसरं काय येत होतं? आमच्या वस्तीतल्या बाईला माणसासारखी हाक मारायची, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. एका लेकराचा जीव जाईपर्यंत शिकवलं नव्हतं. याला अपघात म्हणणाऱ्यांशी मी आजही भांडेन.

आता घाट रुंद झालाय. गाड्यांच्या काचा वर, आत एसी. सकाळी शाळेला जाणाऱ्या पोरी अजून सायकलवर असतात. मागचा हॉर्न तसाच आहे, आणि त्या पोरींची पाठ तशीच ताठ होते.

ताई, तुला अखेरचा जय भीम.

बाकीच्यांनो, या पोस्टखाली हात जोडलेली चित्रं टाकू नका. उद्या घाटात पुढं सायकल दिसली, तर हॉर्नवरचा हात काढा, काच खाली करा आणि तोंडानं हाक मारा.