वजनदाराचं निशाण

तालमीच्या ओट्यावर आम्ही पेन्शनर शिपाई बसतो. आमचे किस्से आमच्या पोटांसारखेच. रोज थोडे वाढतात, कमी करायला कुणी तयार नाही!

*

आमच्या तालमीची रीत अशी: महाराजांच्या दसऱ्याच्या स्वारीत निशाण धरायचा मान सगळ्यात वजनदार म्हाताऱ्याचा. वाऱ्यात हलता कामा नये ना! हा मान कायम माझा. वजन धान्यवाल्या गुजराती शेठच्या काट्यावर. मला बघितलं की शेठ ओरडायचा, "डोसा, काटो तोडी नाखशो!" डोसा म्हणजे म्हातारा; म्हातारा काटा मोडणार म्हणे. मी आणखी फुगायचो. "शेठ, हाडं जड आहेत माझी!"

*

बापू शिंदे माझा पलटणीतला जोडीदार. अंगानं सुतळी. अजून पहाटे फावड्यानं हौद्यातली माती उकरतो. मी लाडू खात म्हणायचो, "बाप्या, वारा सुटलाय, खांबाला धर!"

"तू ओट्याला धर. तुला उठताना लागतो."

*

तात्या आमचा उपासवाला. "अंग हलकं, हाडांना भार नाही," म्हणायचा. एक पायरी चुकली, खुबा मोडला. मी पोट धरधरून हसलो.

मग भाद्रपदात ओट्यावरून उठताना मी हात टेकला आणि मनगट कट्कन! तात्या खाटेवर पडल्या पडल्या हसला.

*

दवाखान्यात डॉक्टरांनी माझा दंड चिमटीत धरला. "हवालदार, हे काय?"

"ताकद, साहेब!"

"चरबी. स्नायू ओढतात तेव्हा हाड टिकतं. तुमच्यात ते उरलेत कुठं? तात्यांमध्येही नाहीत."

"जाड्याचं मोडतं, बारक्याचं मोडतं. मग टिकतं कुणाचं?"

"रोज माती उकरतो त्याचं."

बापूनंच पढवलं असणार!

*

दसऱ्याला फळी बांधलेला हात घेऊन काट्यावर बसलो. पहिला नंबर माझाच! वस्ताद म्हणाले, "आप्पा, यंदा राहू द्या."

"रीत म्हणजे रीत! पडेन, पण धरीन!"

डाव्या हातानं निशाण घेऊन निघालो. रावपुऱ्याच्या रस्त्यात वारा सुटला. निशाण एकीकडे, मी दुसरीकडे, गुडघे तिसरीकडेच! तेवढ्यात बापूनं एका हातानं निशाण पकडलं, दुसऱ्या हातानं माझा कमरपट्टा, आणि चालत सुटला. माझे पाय नावाला जमिनीवर.

शेठ गॅलरीतून बापूकडे बोट दाखवून ओरडला, "जुओ, जुओ! डोसो बे निशान लईने चाल्यो!" म्हातारा दोन निशाणं घेऊन चालला म्हणे!