मेश्राम मॅडम आणि चोरलेली जागा

मेश्राम मॅडम मैदानावर कधी खुर्चीत बसल्या नाहीत. सामना सुरू झाला की रेषेबाहेर उकिडव्या बसायच्या. कुणी खुर्ची आणली की डाफरायच्या, "उचल ते! खुर्चीत बसला मानूस मंग उठतच नाई."

नागपुरातल्या आमच्या महाविद्यालयात त्या खो-खो शिकवायच्या. मी त्यांच्या संघात होते आणि सोनलही. सोनल रामटेकहून पहिल्या एसटीने यायची. तिच्यामागे धावणारी खांबापाशी हमखास तोंडावर पडायची.

गेल्या वर्षी विद्यापीठाचा संघ जाहीर झाला, त्यात सोनल नव्हती. विद्यापीठाकडून खेळत पदक मिळवून खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात जायचं, हीच तिची सगळी आशा होती. तिच्या जागी विद्यापीठाच्या क्रीडा मंडळाच्या अध्यक्षांची पुतणी आली. धरमपेठेतल्या या मुलीला आम्ही कुठल्याच मैदानावर पाहिलं नव्हतं.

निवडलेल्या संघाला विद्यापीठाचे कोट, म्हणजे ब्लेझर, देण्याचा समारंभ मैदानावरच होता. मंचावर कुलगुरू आणि अध्यक्ष होते. मॅडमनी माईक घेतला. "साहेब, कोट घालाच्या आधी पोरी जरा बसून दाखवतात."

खो-खोत शेजारच्या दोघी विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. पुतणीच्या दोन्ही बाजूंच्या मुली मंचाकडे तोंड करून बसल्या होत्या. तीही मंचाकडेच तोंड करून बसली, फोटोला बसावं तशी.

"तिकडं काका आहेत वं बाई," मॅडम म्हणाल्या, "तुले पाठ करा लागते त्यायच्याकडं!"

अख्खं मैदान हसलं.

विद्यापीठाने त्याच दिवशी निवड रद्द करायला हवी होती. सगळ्यांसमोर चाचणी घ्यायला हवी होती, जागा चोरणाऱ्यांना पदावरून हाकलायला हवं होतं. पण त्यांनी चौकशी बसवली ती मॅडमचीच, बेशिस्तीबद्दल. चौकशी करणार अध्यक्षच!

चौकशीच्या खोलीत ते मॅडमना म्हणाले, "माफी लिहून द्या. तुमच्या पोरीला राखीव खेळाडू म्हणून घेऊन टाकू."

मॅडम बाहेर आल्या. "बोल वं सोनल, जागा तुही आहे. लिहून देऊ?"

सोनल म्हणाली, "मले त्यायची भीक नाई पायजे मॅडम. त्यायले कोर्टात उभं करा."

मॅडमनी आत डोकावून एवढंच सांगितलं, "नाई लिहत."

सोनलने याचिका केली, मॅडम साक्षीला उभ्या राहिल्या. मी पत्रकं काढून प्रत्येक वसतिगृहाच्या दारावर चिकटवली. त्यांत अध्यक्षांचं नाव सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापलं. खेद, समज, ताकीद असले गुळमुळीत शब्द आम्हाला नको होते. अध्यक्षांना शिक्षा झालेली आम्हाला बघायची होती, आणि अजूनही तेच हवं आहे.

मे महिन्यात मॅडम निवृत्त झाल्या. निरोपाला अध्यक्ष शाल-श्रीफळ घेऊन हजर! न्यायालयाची नोटीस त्यांना आदल्याच दिवशी मिळाली होती. तरी हसत हसत त्यांनी शाल उलगडली.

मॅडम एक पाऊल मागे सरकल्या.

"राहू द्या गा साहेब, तुमीच पांघरा. कोर्टातला एसी लई थंड असते."

अध्यक्षांचे हात शालीसकट तसेच पुढे राहिले. आम्ही टाळ्या वाजवायला लागलो, आणि ते मंचावरून खाली उतरेपर्यंत थांबलो नाही.