मांडवाच्या खांबावरची डहाळी

मैत्रिणींनो, मागच्या पत्रात मी तुम्हाला शेळीची गंमत लिहिली होती. हौसाच्या लग्नाच्या मांडवात शेळीने खांबावरची पानं खाल्ली आणि काय गोंधळ उडाला, ती... तुम्ही खूप हसलात म्हणे. त्यात एक चूक आहे. ती शेळी नव्हती, मी होते.

अण्णा, माझे वडील, मला घरी शिकवायचे तेव्हा चुकलेला शब्द खोडू देत नसत. त्याच्याखालीच बरोबर शब्द लिहायला लावत, म्हणजे चूकही दिसत राहते. आज तसंच करते आहे.

हौसा आमच्या बेळगावच्या घरी राहून सातवीपर्यंत शिकली, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिचं गाव निपाणीच्या पलीकडे. आई लहानपणीच गेली, तिला वाढवलं ते विधवा आत्याने... सगळं घर त्यांना आक्का म्हणतं. घराचा कारभार मात्र हौसाच्या काकूंच्या हातात.

लग्नाआधी मी मदतीला गेले, तर अंगणात मांडव उभा राहिला होता. त्याचे खांब म्हणजे घरातली रोजची कामकरी मंडळीच... एक खळ्यावरचा तिवडा, ज्याच्याभोवती मळणीचे बैल फिरतात. एक गोठ्याच्या छपराला दिलेला टेकू, एक धुणं वाळत घालायचा बांबू. लग्न झालं की सगळे आपापल्या कामाला परत जायचे.

मला ते बेढब वाटले. कुणी जाड, कुणी वाकडा, कुणाला शेणाचे डाग. महायुद्धानंतर कागद मिळणं मुश्कील, तरी मी बेळगावाहून लाल पतंगी कागद नेला होता. तो गुंडाळून सगळे खांब एकसारखे करायचे, असं मी मनाशी घेतलं...

मुहूर्तमेढ मी ओळखली. आंब्याची पानं आणि पिवळ्या फडक्यातली सुपारी आमच्याकडेही असते, ती मी जपून तशीच ठेवली. पण त्यांच्याखाली एक वाळकी डहाळी बांधलेली होती. तिच्या काड्या टोचून कागद फाटू लागला, तेव्हा मी ती सोडली आणि न्हाणीच्या चुलीत घातली.

ती कळंबाची डहाळी होती. त्या घराण्याचं देवक.

आमच्याकडे देवक म्हणजे घरात मांडलेला कलश. त्यांच्याकडे ते कुळाचं झाड, आणि त्याची डहाळी लग्न पार पडेपर्यंत मांडवातून हलता कामा नये. हौसा इतकी वर्षं आमच्या घरात राहून आमचं सगळं सोवळंओवळं शिकली... आणि मी तिला तिच्या घरचं एकदाही काही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू मेढीच्या पूजेला आल्या आणि हातात ताट घेऊन नुसत्या उभ्या राहिल्या. कुणीतरी म्हणालं, शेळीने खाल्ली असेल. मी लगेच म्हटलं, हो, काल इथे फिरत होती खरी.

"शेळी खुट्ट्याला बांधल्याली हाय," काकू म्हणाल्या. "कालपास्नं सोडलीच न्हाई तिला."

मग त्यांची नजर आक्कांकडे गेली. आक्का रोज पहाटे, कुणाच्या दृष्टीला पडायच्या आत, मांडव झाडून घेत. काकू म्हणाल्या, "पांढऱ्या कपाळानं मांडवात वावरल्यावर दुसरं काय हुणार?"

मी तिथेच होते. हातात उरलेल्या कागदाची गुंडाळी होती...

"झाडताना माझाच हात लागला आसंल," आक्का म्हणाल्या.

माणूस पाठवून नवी डहाळी आणली, बांधली. पण लग्न होईपर्यंत आक्कांनी या घरात राहू नये असं ठरलं आणि कोगनोळीला त्यांच्या दिराकडे जायला गाडी जुंपली. हौसा आतल्या खोलीत रडत होती. तिला कुणी बाहेर येऊ दिलं नाही.

गाडीत बसताना आक्कांनी मला जवळ बोलावलं. खांबांकडे बघत म्हणाल्या, लई छान नटवलीस गं खांबं. मग आवाज खाली आणून विचारलं, "डहाळी चुलीतच घातलीस न्हवं? उकिरड्यात न्हाई टाकलीस?"

चुलीतच, मी म्हटलं.

"मग बरं झालं. पायदळी न्हाई आली."

त्यांनी पाहिलं होतं. पाहुणी पोर, त्यात हौसाची मैत्रीण, तिला भर मांडवात बोल लागू नये म्हणून त्यांनी तो स्वतःवर घेतला होता. आणि मी काय केलं, तर त्यांचं गाठोडं गाडीत चढवून दिलं... बेळगावला आले आणि तुम्हाला शेळीची गंमत लिहिली.

काकू रागावतील याची मला फारशी भीती नव्हती. वकिलांची मुलगी हुशार, नीटनेटकी, असं जे तिथे सगळे म्हणत होते, ते बंद होईल याची होती. तेवढ्यासाठी मी हौसाच्या लग्नातून तिची आई उठवली.

काल अण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी निपाणीच्या मोटारीची वेळ तेवढी सांगितली.

लग्न अजून व्हायचं आहे, हळद शनिवारी आहे. मी जाऊन त्याच खांबापाशी सगळ्यांदेखत काकूंना सांगणार आहे, आणि तिथून तशीच कोगनोळीला, आक्कांना आणायला. काकू त्यांना घरात घेतील का, ठाऊक नाही... आक्का माझ्याबरोबर येतील का, तेही नाही.

सकाळपासून मनात येतंय, शुक्रवारी गेलं तरी चालेल. शुक्रवारीही वेळेत पोचता येईल. म्हणूनच तुम्हा सगळ्यांना लिहून ठेवते... मी गुरुवारी जाते आहे. येत्या गुरुवारी, पहिल्या मोटारीने.